तोंडातले खिळे

मौनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उठल्या उठल्या तो चूळ भरायचा, तीही दिवा न लावता. थुंकीतला लाल रंग बायकोला दिसू नये म्हणून. हे मला फार उशिरा कळलं.

आमचं काम सोफे-खुर्च्या मढवण्याचं. एका हातानं कापड ताणायचं, दुसऱ्यात चुंबकाची हातोडी. खिळा द्यायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून मूठभर बारीक खिळे तोंडात ठेवायचे. जिभेनं एकेक फिरवून ओठांवर आणायचा, हातोडीनं उचलायचा, ठोकायचा. कापड मधून कोपऱ्याकडे ताणायचं. उलट केलं तर कापडाला घोळ येतो, ते फुगून राहतं आणि सगळं उसवावं लागतं. मौनीला कधी उसवावं लागलं नाही. दिवसभर तोंड भरलेलं, म्हणून आम्ही हे नाव ठेवलं होतं. मालक म्हणायचा, हा मजुरीसुद्धा खुणेनं मागतो.

आमच्यात एक समज होता: तोंडातून रक्त येतं ते शिकाऊ माणसाच्या. मुरलेल्याला खिळा लागत नाही. मौनीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा त्यालाही वाटलं, आपली जीभ आता चुकायला लागली. सगळा जन्म या कामात घालवून ही नामुष्की. बोलताना तो तोंडावर हात धरू लागला. आम्ही समजलो, खिळे सांडू नयेत म्हणून.

त्याला शुगर होतीच. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, कापडाची वीण दिसेना. डॉक्टर म्हणाले, शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. डोळा गेला तर काम गेलं. त्यानं गोळ्या चुकवल्या नाहीत, गोड सोडलं, चालत ये-जा सुरू केली. बायकोनं स्वतःच्या चहातली साखरही बंद केली. तरी शुगर वरच. एकदा डॉक्टरांनी बायकोसमोरच विचारलं, दुसरा काही त्रास आहे, की चोरून खाता? हिरड्यांचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"खातो कधीमधी," तो म्हणाला.

खाल्लं काहीच नव्हतं. घरी जाताना ती पुढे चालत राहिली, एकदाही मागे वळली नाही. नंतर जेवायला वाढताना म्हणायची, बाहेर पोट भरलं असेल तर राहू दे.

एका दुपारी तो खुर्चीची पाठ मढवत होता. उरलेले खिळे त्यानं तळहातावर काढले आणि त्यांच्यात एक दात आला. अख्खा, मुळासकट. त्यानं मूठ मिटली आणि इकडेतिकडे पाहिलं. मी शेजारीच होतो. त्यानं मान खाली घातली. कान लाल झाले होते.

संध्याकाळी मी त्याच्या बायकोला, वहिनींना, सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी आत बघितलं. खिळ्यांनी दात असे पडत नाहीत, म्हणाल्या. दातांच्या मुळाशी जंतूंनी घर केलंय. शुगरमुळे त्यांचं फावतं, आणि त्यांच्यामुळे अंगात सूज राहून शुगर उतरायला अडते. दोघं एकमेकांना सांभाळून आहेत. रक्त कधीपासून येतंय?

कित्येक वर्षं झाली, मौनी म्हणाला.

बाहेर बाकावर वहिनींनी विचारलं, "मग खातो असं का म्हणालात?"

"हात कच्चा म्हणवून घेण्यापेक्षा चोर बरा, असं वाटलं."

"आणि मी रोज तुमचे खिसे उलटे करून बघत होते," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बसल्या.

हिरड्या खोलवर साफ करायला अनेक खेपा झाल्या. तोंडात खिळे धरायला बाईंनी बंदी केली. मौनी खिळ्यांची वाटी मांडीशी घेऊन बसू लागला. दर खिळ्यासाठी कापड सोडायचं, खिळा घ्यायचा, पुन्हा ताणायचं. आमच्यात असं फक्त पहिल्या महिन्यातला माणूस करतो. मौनी भिंतीकडे तोंड करून बसायचा. एका खुर्चीला दुप्पट वेळ लागे आणि आमची मजुरी खुर्चीमागे, म्हणजे हातात निम्मेच पैसे. पण घोळ तेव्हाही आला नाही.

गोळ्या त्याच होत्या. काही महिन्यांनी शुगर थोडी उतरली, डॉक्टरांनी हो म्हणण्याइतकी. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ते भिंतीकडे तोंड करून मिळवलेल्या त्या मजुरीतून.