दाजींकडे उरलेला शब्द

सकाळच्या पाळीत वॉचमन कारखान्याच्या शॉपमध्ये आला आणि म्हणाला, ‘‘साहेब, गेटवर फोन आहे, चिंचवडहून.’’ फोनवर ताईच्या शेजारचे शिंदे होते. ‘‘अविनाश, ये बाबा,’’ एवढंच म्हणाले. मी विचारलं, ‘‘कधी?’’... आणि विचारून झाल्यावर लक्षात आलं, की ‘काय झालं’ असं आपण विचारलंच नाही. गेले कित्येक महिने आम्ही सगळेच या फोनची वाट बघत होतो. दाजी गेले त्याला आता दीड महिना होत आला. त्यांच्याबद्दल लिहावं असं रोज वाटतं, आणि लिहायला बसलं की आधी त्यांचा कुत्राच समोर येऊन बसतो.

दाजी म्हणजे प्रभाकरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बार्शीहून नोकरीसाठी मी पहिल्यांदा इकडे आलो, तेव्हा कारखाने धडाधड उभे राहत होते आणि भाड्याची खोली मिळत नव्हती. दाजींनी मला त्यांच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. ‘‘अविनाशराव, जागा लहान आहे, पण चहा मोठ्या कपातून मिळेल,’’ म्हणाले. त्याच वर्षी दापोडीच्या रेल्वे फाटकाजवळ त्यांना बंड्या सापडला. फाटक बंद होतं म्हणून सायकलवरून उतरले, तर हे पिल्लू त्यांच्या चपलेवर येऊन बसलं. फाटक उघडलं, मागची माणसं ओरडायला लागली, तरी ते उठेना. दाजींनी त्याला डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. ताई पदर तोंडाला लावून ‘‘अगंबाई, हे कुठलं ध्यान?’’ म्हणाली, पण वाटी शोधायला आत गेली.

मोठा झाल्यावर बंड्या कुणासारखाच दिसेना. धड मोठ्या कुत्र्याचं, पाय आखूड. एक कान ताठ, दुसरा डोळ्यावर आलेला. शेपूट झुबकेदार, आणि तोंड मात्र लांब निमुळतं. रविवारी सकाळी दाजी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारत, ‘‘बघा बरं, याचे आईबाप कोण असतील?’’ ड्रॉइंग ऑफिसमधले भाटे म्हणत, देहूरोडच्या एखाद्या लष्करी साहेबाचा अल्सेशियन सुटला असणार, त्याचाच हा पराक्रम. शिंदे लातूरकडचे. ते म्हणत, ‘‘तोंड बघा की त्याचं! आमच्याकडचं कारवानी हाय हे, शिकारीचं.’’ दूध घालायला मावळातून येणारे धोंडीबा मान हलवत. ‘‘न्हाई वो. धनगरी हाय त्यो. मेंढरामागं फिरनारा. मानसाकडं कसं बघतोय बघा.’’ मग वाद रंगायचा. आखूड पाय कुठून आले, यावर भाटे आणि शिंदे एकदा आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते! दाजी सगळ्यांना ‘‘पुरावा? पुरावा काय?’’ म्हणून डिवचत आणि स्वतः काही बोलत नसत. मी खनपटीला बसलो की हसून म्हणत, ‘‘आमचा अंदाज आम्ही राखून ठेवलाय. सगळ्यांचं बोलून झालं की सांगू.’’ माझं लग्न झालं, मी भोसरीला बिऱ्हाड केलं, त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तरी सगळ्यांचं बोलून काही झालं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी दाजी मोरीत तोंड धुताना पडले. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यात तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताई त्यांना चमच्याने पाणी पाजत होती, तेव्हा त्यांनी ओठ हलवले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, ‘‘धनगरी.’’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शिंदे तर डोळे पुसत हसले, म्हणाले, ‘‘घ्या! लागला निकाल. धोंडीबा जिंकला.’’ मलाही वाटलं, आता एकेक शब्द परत येईल. पण दाजींना पाणी हवं असलं तरी ते ‘धनगरी’च म्हणत. पाठ दुखली तरी ‘धनगरी’, ताईला हाक मारायची तरी ‘धनगरी’. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असा एखादाच शब्द उरतो. कुठला उरेल ते सांगता येत नाही. त्यांना म्हणायचं असतं वेगळं, तोंडातून येतो तोच.

घरी आणल्यावर त्यांची कॉट खिडकीशी लावली. बंड्या कॉटखाली पडून असायचा. दाजींनी तो शब्द उच्चारला की सगळ्यांनी ओळखायचं, त्यांना काय हवंय. पाणी? चहा? उशी? बाहेर जायचंय? उत्तर बरोबर आलं की ते डोळे मिटत. चुकलं की डावा हात गादीवर आपटत. पुष्कळदा चुकायचंच. एका रविवारी त्यांच्याजवळ कुणी नाही असं बघून मी हळूच विचारलं, ‘‘दाजी, खरंच धनगरी का? तोच का तुमचा अंदाज?’’ ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. होय म्हणून की नाही म्हणून... मला समजलं नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

उन्हाळ्यात बंड्याच्या मानेला जखम झाली. पट्टा घासू लागला म्हणून ताईने काढून ठेवला आणि हळद लावली. त्याच दुपारी तो पाय मोकळे करायला बाहेर गेला होता. ताई स्वयंपाकघरात. अचानक दाजी ओरडायला लागले, ‘‘धनगरी! धनगरी!’’ असा आवाज आजारपणात त्यांनी काढला नव्हता. ताई धावत आली. त्यांनी डावा हात खिडकीकडे केला होता. तिने वाकून पाहिलं, रस्ता रिकामा. ऊन लागतंय असं वाटून तिने पडदा ओढला. तर ते आणखीच ओरडायला लागले. तिने पाणी आणलं. त्यांनी पेला उडवून दिला. तिने लघवीचं भांडं ठेवलं. त्यांनी तेही ढकललं. मग शिंदेवहिनी धापा टाकत दारात आल्या. ‘‘ताई, तुमच्या बंड्याला धरलं वो! कुत्री पकडायची गाडी घेऊन गेली त्याला!’’

मी पाळी संपवून नेमका तेव्हाच तिकडे आलो. साखळी घेऊन तसाच सायकलवरून निघालो. गाडी जिथं जायची ते आवार शोधेपर्यंत ऊन उतरलं होतं. तिथल्या माणसाने विचारलं, ‘‘कुठल्या जातीचं होतं?’’

इतकी वर्षं आम्ही एवढं बोललो होतो, आणि त्या माणसाला सांगायला माझ्याकडे एक नाव नव्हतं. मी म्हटलं, ‘‘एक कान ताठ... पाय आखूड आहेत.’’

‘‘मंजे गावठीच की.’’ तो चिडून बोलला नाही. त्याने मला सगळे पिंजरे दाखवले. दोन रिकामे होते, ओले होते, नुकतेच धुतलेले. मी त्या दोन पिंजऱ्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘‘साहेब, पट्टा नसला की ठिवत न्हाईत. आमी तरी काय करनार?’’

परत आलो तेव्हा दाजी दाराकडेच बघत होते. त्यांनी माझ्या हातातली साखळी बघितली. मी ती खुंटीला अडकवली. त्यानंतर त्यांनी तो शब्द कधीच उच्चारला नाही. दुसराही कुठला नाही. पाणी दिलं तर पीत. नाही दिलं तर मागत नसत. डॉक्टरांनी औषध बदललं, मुलगी येऊन राहून गेली, धोंडीबा रोज दूध घालून झालं की कॉटजवळ उभे राहून काहीबाही बोलत. श्रावण लागायच्या आत दाजी गेले. शेवटी ताप आला होता, एवढंच.

परवा ताईकडे गेलो होतो. कॉट अजून खिडकीशीच आहे, ताई तिच्याजवळ खाली सतरंजी टाकून बसते. माझ्याशी बोलता बोलता थांबली. म्हणाली, ‘‘मी पाणी आणलं रे त्यांना. ते त्याला हाका मारत होते, आणि मी पडदा ओढून घेतला.’’ मी म्हटलं, ‘‘ताई, कुणाला कळणार होतं?’’ तिने ते ऐकलं नसावं. बाहेरच्या रस्त्याकडे बघत लहान मुलीसारखं तिने मला विचारलं, ‘‘शब्द चुकीचा असला, तरी आवाज यांचाच होता ना रे? गाडीत त्याला ऐकू गेला असेल का?’’

मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो. ती माझ्याकडे बघत होती... अजून बघतच होती.