ओव्हाळांच्या लॅपटॉपची दुलई

आमच्या समोरच्या दारात राहणारे सुखदेव ओव्हाळ वस्तू वापरत नाहीत, वस्तू सांभाळतात. त्यांच्या टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आहे आणि पिशवीला रबरबँड आहे. बटणं अंदाजाने दाबावी लागतात, म्हणून त्यांच्याकडे बातम्या बघता बघता मध्येच भोजपुरी गाणी लागतात. फ्रिजच्या हँडलला मोजा आहे. सोफ्याला खोळ आहे आणि पाहुणे आले की त्या खोळीवर चादर येते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ अजून खोक्यातच चालतंय. वेळ बघायची असेल तर खोकं उघडायचं.

अशा माणसाला त्यांच्या मुलीने, दीक्षाने, पहिल्या पगारातून लॅपटॉप घेऊन दिला. ती बंगळुरूला नोकरी करते, त्यामुळे इकडे पुढे काय झालं ते थांबवायला कोणी नव्हतं.

सुखदेवरावांनी शैलावहिनींकडून लॅपटॉपला दुलई शिवून घेतली. कापूस भरलेली, वरून धावदोरा घातलेली आणि निसटू नये म्हणून कडांना पक्की टाचलेली. झाकणाला एक आणि बुडाला एक. चार्जरच्या वायरीपुरतं काज ठेवलं होतं, कीबोर्ड उघडा होता. बाकी सगळं विश्रांतवाडीच्या मे महिन्यात काश्मीरला निघाल्यासारखं.

लॅपटॉप हवा होता पाली भाषेसाठी. बुद्धवंदना त्यांना लहानपणापासून पाठ. "पण पाठ असणं आणि कळणं वेगळं हो. आईनं शिकवली, मी दीक्षाला शिकवली. शब्दाशब्दाचा अर्थ तिघांतल्या एकालाही सांगता येत नाही," असं म्हणून त्यांनी साठी उलटल्यावर पालीच्या पदविकेला नाव घातलं. सगळे वर्ग लॅपटॉपवर. अभ्यास मात्र असा मन लावून केला, की मला माझ्या मुलाची, बंटीची, लाज वाटायची.

आणि लॅपटॉप त्यांना तो करू देईना. उघडला की आधी मिक्सरमध्ये दाण्याचं कूट चालल्यासारखी घरघर. मग पडद्यावर एक गोल फिरत राहायचं, त्यात वहिनींचा कुकर होऊन जायचा. बाण हलवावा तर तो आळंदी रोडला सिग्नल लागल्यासारखा मध्येच उभा. आणि वर्ग रंगात आला की फट्दिशी अंधार. हात लावावा तर तवा.

"सुखदेवराव, ती दुलई काढा," मी म्हणालो.

"दुलईचा काय संबंध? व्हायरस असणार."

"अहो, त्याला बुडाच्या जाळीतून हवा लागते."

"हवेबरोबर धूळ जाते. समोर बिल्डरने केवढं खोदून ठेवलंय, दिसत नाही का आपल्याला?"

व्हायरस मारायला त्यांनी तीन-तीन प्रोग्रॅम घातले. ते तिघं एकमेकांवरच पाळत ठेवून बसले आणि लॅपटॉप आणखी मंदावला. मग टेबलफॅन आणून दुलईवर वारा घातला. एका दुपारी तर मी पाहिलं, लॅपटॉप दुलईसकट फ्रिजमध्ये.

"अहो, तो गार होईल तेव्हा होईल," वहिनी म्हणाल्या, "माझी कोथिंबीर मात्र आत्ताच शिजतेय."

दुकानात न्यायला ते तयार नव्हते, कारण दुकानदार दुलई उसवेल. दीक्षा फोनवर ओरडायची. "पप्पा, प्लीज! लॅपटॉप आहे तो, बाळंतीण नाही!"

"तू दिलायस म्हणून जपतोय ना गं."

"जपायला नव्हता दिला! वापरायला दिलाय!"

यावर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. दुलई होती तिथेच होती.

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस आला. ती लॅपटॉपवरूनच द्यायची, मोबाईल चालणार नव्हता. मध्येच गायब झालात आणि परत आला नाहीत तर गैरहजर, मग थेट पुढच्या वर्षी. सुखदेवराव कडक इस्त्रीच्या शर्टात बसले. मी आणि वहिनी कॅमेऱ्याच्या मागे, पाहुण्यांसाठी चादर घातलेल्या सोफ्यावर.

पडद्यावर एक परीक्षक सर आणि एक बाई. सुरुवात झकास झाली. विभक्ती विचारल्या, सुखदेवरावांनी धडाधड सांगितल्या. इकडे घरघर वाढत चालली होती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"आता अनिच्च ही संकल्पना समजावून सांगा," सर म्हणाले. "पुस्तकातलं नको. रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्या."

सुखदेवरावांचा चेहरा उजळला. "सर, अनिच्च म्हणजे अनित्य. जे जे निर्माण झालं, ते टिकणार नाही. कितीही जपा. आता हाच लॅपटॉप घ्या. आत्ता आहे, पण पुढच्या क्षणी..."

फट्. अंधार.

सुखदेवराव काळ्या पडद्याकडे बघत राहिले. वर्षभराची मेहनत त्यांच्या कपाळावर घाम होऊन आली. "शैला," ते म्हणाले, "कात्री."

वहिनींनी ती आधीच हातात धरली होती. कसला धावदोरा नि कसलं काय, कोंबडी सोलावी तशी त्यांनी दोन्ही दुलया सोलल्या. कापूस उडाला. मी लॅपटॉप दोन वाट्यांवर टेकवून खालून वर्तमानपत्राने वारा घातला. सुखदेवराव बटण दाबून हात जोडून उभे. ते गोल फिरू लागलं, फिरत राहिलं. वहिनी त्याला काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पडदा उजळला. परीक्षक अजून होते.

"ओव्हाळ," सर चष्मा पुसत म्हणाले, "उदाहरण पटलं. प्रात्यक्षिकाची गरज नव्हती."

बाई पदराआड हसत होत्या. सुखदेवरावांना हसायला सवड नव्हती. राहिलेलं वाक्य त्यांनी जिथे तुटलं होतं तिथून उचललं आणि मग ते सुटलेच. आईने शिकवलेल्या ओळीतला एकेक शब्द घेऊन तो कुठून आला, त्याचा अर्थ काय, आपल्याला तो कधी उलगडला, सगळं सांगायला लागले. उघडा लॅपटॉप शांतपणे चालत होता. ना घरघर, ना गोल. मी वारा घालायचं थांबवलं आणि वहिनी कात्री खाली ठेवून नुसत्या ऐकत बसल्या.

सरांनी एकदा घड्याळ पाहिलं. मग बाईंनी. मग दोघांनी एकमेकांकडे.

"ओव्हाळ, आपण उत्तीर्ण आहात," सर म्हणाले.

"आभारी आहे सर. आता पुढचा शब्द घेऊ..."

"उत्तम गुणांनी उत्तीर्ण आहात. बाहेर अजून चार जण थांबलेत."

"हो सर, एवढा एकच," सुखदेवराव म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.