ड्रिलवरचे हँडग्लोज

लॉग-लिनियर मॉडेल म्हटलं की तुम्ही पान उलटणार, ठाऊक आहे मला. थांबा जरा. यात एका माणसाची दोन बोटं गेलीत.

सांगलीत एम.एस्सी.ला माझा प्रोजेक्ट पार्टनर औंधचा होता. त्याचे वडील कुपवाडच्या कारखान्यात ड्रिल मशीनवर. बोटं त्यांचीच. पठ्ठ्या महिनाभर कारखान्याच्या गेटवर उभा. शिफ्ट सुटली की गाडीला किक मारणाऱ्यांना अडवून विचारायचा, काम कुठलं, हँडग्लोज घालता का, हाताला लागलं का. मालकानं त्याला सांगितलेलं, कॉलेजनं सिद्ध केलं तर ड्रिलपाशी 'ग्लोज काढा' असा बोर्ड लावतो. त्याला तेवढा बोर्ड हवा होता. मार्क गेले खड्ड्यात.

मॉडेल मी चालवलं. टेबलातल्या प्रत्येक खान्यातल्या आकड्याचा लॉग घ्यायचा आणि बघायचं, कोण कुणाला चिकटलंय. काम आणि इजा चिकटलेले. काम आणि ग्लोजही. ग्लोज आणि इजा मात्र सुटे. तिघांना एकत्र बांधणारं पद मी आधीच उडवलेलं. मॉडेल कसं सुटसुटीत दिसत होतं.

सेमिनारला मालक स्वतः आलेला. पार्टनर उभा राहिला, "ड्रिलवर ग्लोज घातलं की" एवढंच म्हणाला आणि मी मध्येच उठलो. दोन बोटं मुडपली, हवेत कप धरला, समोर बसलेल्या गाईड मॅडमकडे बघत त्याच्या वडलांचा घोगरा आवाज काढला. "आवं म्याडम, ग्लोजनं खाल्ली वो माजी बोटं."

कप धरायची ती तऱ्हा मी त्यांच्याच घरी पाहिलेली, त्यांच्यात जेवायला गेलो होतो तेव्हा.

वर्ग लोळला. मालक डोळे पुसून हसला. मग मी पडद्यावर दाखवलं, संबंध नाही. मालक हसतच निघून गेला. पार्टनरनं गेटवर भरून घेतलेल्या फॉर्मांचा गठ्ठा छातीशी धरला आणि खाली बसला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला केबिनमध्ये उभं केलं. उडवलेलं पद त्यांनी परत घालून बघितलं होतं.

"पत्रा उचलताना ग्लोज हात वाचवतात, ड्रिलवर हात ओढतात. तू दोन्ही एकत्र कालवलंस आणि म्हणालास चव नाही. मॉडेल आकड्यांवर फिट बसतं का, बघितलंस?"

"नाही."

"मालक आता माझा फोन घेत नाही. ड्रिलवर आजही कुणीतरी ग्लोज घालून उभा असेल. त्याची बोटं गेली की त्याचीही नक्कल बसव. चल, नीघ."