गिरावीनमधला कोल्हापुरी ठसका

"खोकू नका! कोणीही खोकायचं नाही! शेजारी ऐकतील!"

हे मी ओरडत होतो, आणि सगळ्यात मोठ्याने मीच खोकत होतो.

पहिल्या लॉकडाउनचा एप्रिल. त्या दिवसांत नुसतं नाक खाजवलं तरी समोरचा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. आणि सिडनीच्या गिरावीनमधल्या आमच्या घरात असा खोकला चालला होता की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या!

सुरुवात आईपासून झाली. आई कोल्हापूरहून नातीला भेटायला आली आणि विमानंच बंद झाली. हळूहळू ती गप्प होत गेली. खिडकीशी बसायची, शेजारच्या जोआनबाईंच्या कुत्र्याकडे बघत राहायची. एक दिवस म्हणाली, "एप्रिल आला. मसाल्याचं काय?"

आईच्या लेखी एप्रिल म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला. लग्न झाल्यापासून एकदाही चुकला नव्हता.

"आई, इथे आता थंडी सुरू होणार," माझी बायको मुग्धा म्हणाली.

"होऊ दे की! मसाला काय थंडीला खायला घालायचाय?"

तेवढ्यात कळलं, शहराबाहेरच्या एका शेतावर मिरचीचा सीझन संपत आलाय आणि झाडं उपटण्याआधी शेतकरी लाल मिरच्या खोक्यांनी विकतोय. अख्खी सिडनी टॉयलेट पेपर साठवत होती, मी गाडी भरून मिरच्या आणल्या. (थोडी दूरदृष्टी असती तर दोन्ही आणलं असतं!) खोकी बघून आईने कित्येक दिवसांनी पदर खोचला. तिथेच मी ठरवलं, आकाश कोसळलं तरी हा मसाला व्हायलाच हवा.

आकाश लगेच कोसळलं. मुलीच्या ट्रॅम्पोलिनवर मिरच्या वाळत घातल्या आणि पाऊस सुरू झाला.

"डॅड, व्हेअर डू आय जम्प?" सईचा प्रश्न.

"पलंगावर! आधी मिरच्या उचल!"

मग सगळं वाळवण हॉलमध्ये आलं. दिवसरात्र हीटर चालू. आम्ही अर्ध्या चड्डीत, मिरच्या गालिच्यावर. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर माझे डोळे असे गळायचे की बॉसने मला एकट्याला थांबवून घेतलं आणि "टेक इट ईझी, मेट" म्हणत दोन दिवस रजा दिली.

शेवटी भाजण्याचा दिवस उगवला आणि मी डोकं चालवलं. वास शेजारी जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या. एक्झॉस्ट फॅन जोआनबाईंच्या बाजूला उघडतो, म्हणून तोही बंद!

"अरे अव्या, एक खिडकी तरी उघड."

"आई, हे कोल्हापूर नाही. इथे वासाचीसुद्धा तक्रार होते."

(कोल्हापुरात आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये एखाद्या घरातून खोकला ऐकू आला नाही, तर लोक काळजीने चौकशीला यायचे.)

आईने कढईत तेल सोडलं, मिरच्या टाकल्या, आणि नाकाघशाला झोंबणारा जो खाट उठला! आधी मुग्धा खोकायला लागली, मग सई, मग मी. पाठोपाठ स्मोक अलार्म बोंबलायला लागला. आम्ही धडपडत हिरवळीवर आलो. समोरचे पटेल गॅलरीतून ओरडले, "भाईसाब, वहीं रहिए! इधर मत आइए!" जोआनबाई कुंपणापलीकडून हात हलवत म्हणाल्या, "डोन्ट वरी, डार्लिंग! आय हॅव कॉल्ड दि अँब्युलन्स!"

"अव्या, आई कुठेत?" मुग्धा किंचाळली.

मी पळताना महत्त्वाच्या गोष्टी बरोबर उचलल्या होत्या: लॅपटॉप, मोबाइल आणि चपला.

अँब्युलन्स आली. नखशिखांत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोघे आईला वाचवायला आत शिरले आणि क्षणात बाहेर येऊन, मास्कच्या आत खोकत, आमच्याच शेजारी हिरवळीवर बसले. त्यांच्या मागून आई आली. सांडशीत धरलेली कढई, कपाळावर आठी, खोकल्याचं नाव नाही.

"यांना पाणी द्या रे कोणीतरी," ती म्हणाली. "न विचारता स्वैपाकघरात घुसतात!"

आमच्या सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या गेल्या आणि निकाल येईपर्यंत घरातच राहण्याची ताकीद मिळाली. त्या वेळात आईने कांदा, खोबरं, लसूण परतून मिक्सरवर मसाला केला. संध्याकाळी बरण्या भरल्या तेव्हा घराला आमच्या कोल्हापूरच्या गल्लीचा वास येत होता. शेजारच्या काकू आता वाटी घेऊन येतील असं मला उगीचच वाटलं, आणि डोळे पुन्हा गळायला लागले. या वेळी मिरचीचा काही संबंध नव्हता.

निकाल आला: कोणालाच काही नाही! आईने भाकरीवर मसाला घेतला, वर तेलाची धार सोडली आणि पहिला घास तोंडात घातला. मी समोर श्वास रोखून उभा. एवढी गल्ली हादरवून, दोन सरकारी माणसं लोळवून केलेला मसाला!

"कसा झालाय, आई?"

आईने शांतपणे घास संपवला.

"रंग बरा आलाय," ती म्हणाली. "तिखट नाही."