वाकले नाही, अडकले

माझ्या सासरी कुणीच वाकत नसे, आणि याचा घराला मोठा अभिमान होता. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, तुळजापूरला देवीपुढंसुद्धा ताठ उभं राहून हात जोडायचे. (देवीकडून काही तक्रार आली नाही.) दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर गेले आणि दुपारीच परत आले. म्हणाले, "वाकणं आपल्या रक्तात न्हाय." मग त्या कामावर मी गेले. मुरुम गावाहून लग्न होऊन आले तेव्हा मीही खांबासारखीच होते. पाट्या उचलायला लागल्यावर कंबर आपोआप शिकली. म्हणून रक्ताच्या गोष्टी मला कुणी सांगू नयेत!

पुढं पाऊसपाणी बरं झालं आणि गावात दूध सोसायटी निघाली. उद्घाटनाला शाळेच्या मुलींनी आसनं करून दाखवायची ठरली. गुरुजींनी मुलींना गुडघे न मोडता अंगठे धरायला लावले. माझ्या सुमनचे हात गुडघ्यांपाशीच थांबले. गुरुजींनी तिला वगळलं आणि ती गोठ्यात जाऊन रडत बसली. मी तशीच शाळेत गेले.

"तुमच्या घराण्याचं हाडच ताठ," गुरुजी म्हणाले. "पोरीचा काय दोष?"

"शिकवून बघितलं का?"

"रक्तात नसलेलं शिकवून येत न्हाय, बाई."

हे शाळेचे गुरुजी बोलत होते! मग शाळा कशाला काढली, हे विचारायचं राहूनच गेलं. मी एवढंच सांगितलं, की उद्घाटनाच्या दिवशी पोरगी वाकवून आणते, मग बघा.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे गोठ्यामागं आमची शाळा भरली. तिला धीर यावा म्हणून मीही शेजारी वाकायची. आम्हा दोघींना तसं उलटं बघून म्हैस पान्हा चोरायला लागली. मामंजी ओरडायचे, पण आम्ही सोडलं नाही. सुमनचे हात आधी नडगीवर आले, मग घोट्यावर, आणि शेवटी जमिनीवर टेकले. पोरगी वेताच्या छडीसारखी झाली.

उद्घाटनाच्या दिवशी सोसायटीचं अंगण सारवायला आम्हा बायकांना पहाटेच बोलावलं होतं. सारवून झालं, मांडव भरला, तशी मी सुमनला गुरुजींपुढं उभी केली.

"आता बघा हिला."

सुमन लाजली. एवढ्या माणसांत ती काही वाकेना. गुरुजी गालात हसले, तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अगं, लाजायचं काय त्यात? अशी वाक!" म्हणून मी सपकन वाकले. दोन्ही तळहात जमिनीला टेकवले आणि कंबरेत उसण भरली. वर येता येईना, खाली बसता येईना.

तेवढ्यात हलगी वाजली आणि माझ्या नाकासमोर कोऱ्या वहाणा येऊन थांबल्या. सोसायटीचे चेअरमन! आमच्या घरात वाकत कुणी नसलं, तरी या माणसाशी मामंजींचं फार जुनं वाकडं होतं. आणि मामंजी पहिल्याच रांगेत बसले होते.

"राहू द्या, राहू द्या," म्हणत चेअरमननी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी उठेना. त्यांनी पुन्हा आशीर्वाद दिला. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात ठेवले.

"उठा आता, बाई."

"उठता येत न्हाय."

"असं म्हणू नका. मीसुद्धा माणूसच हाय."

मागच्या बायकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्या पदर सावरून माझ्यामागं रांगेत उभ्या राहिल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीनं लगेच व्यवस्था लावली, बायका इकडून, गडीमाणसं तिकडून!

खरी गोष्ट फक्त सुमनला कळली. लाजबीज विसरून ती माझ्यासमोर वाकली, तळहात टेकले, वेण्या सारवणावर आल्या. तिचं उलटं तोंड माझ्या उलट्या तोंडासमोर आलं.

"आई, कंबर धरली व्हय?"

गुरुजी बघतच राहिले. "अरे, ही तर वाकती की! आईवर गेलीय."

"आईवर न्हाय, सरावावर!" मी खालून ओरडले. पण खालून आलेलं बोलणं कोण मनावर घेतं?

सुमनला त्यांनी रांगेत घेतलं, तेही पुढच्या. मला दोघी बायकांनी तशीच उचलून दुधाच्या कॅनला टेकवून ठेवली. पोरीचा सगळा कार्यक्रम मी पायांमधून उलटा बघितला. ती शीर्षासनात गेली तेव्हा तेवढी सुलट दिसली.

संध्याकाळी कंबरेला शेक घेत पडले होते, तर मामंजी दारात येऊन उभे राहिले.

"त्याच्या पाया पडलीस?"

"वाकले न्हाय मामंजी, अडकले."

मामंजींना ते एकदम पटलं. पुढं मरेपर्यंत ते गावाला हेच सांगत राहिले. गावाला मात्र पटलं नाही.

आता वयानं माझी कंबर कायमचीच वाकली आहे. चेअरमन अजून खुटखुटीत आहेत. रस्त्यात भेटले की हात वर करून आशीर्वाद देतात. आणि मी काठी टेकून, मान वर करून "अडकलेय" म्हणेपर्यंत गडी पुढच्या वळणावर गेलेला असतो.