तीन शब्दांच्या सहा ओळी

धुळ्याच्या कॉलेजात मी प्रोग्रामिंग शिकवते. यादीतल्या गोष्टींचे सगळे क्रम कसे काढायचे, हा धडा आला की पुस्तकात तेच एक, दोन, तीन. मुलं जांभया देतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणून त्या दुपारी घरी तयारी करताना आकड्यांऐवजी शब्द घ्यायचं ठरवलं. बोटांनी काय टाइप केलं, ते मला नंतर दिसलं: चहा, पेट्रोल, ट्रक.

माझा भाऊ गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. एरंडोलहून जळगावला निघाला होता. वहिनी म्हणाली, चहा टाकलाय, घेऊन जा. तो प्याला, पंपावर पेट्रोल भरलं आणि पुढच्या वळणावर ट्रकखाली आला. तेव्हापासून वहिनीचं एकच पालुपद, "मी चहासाठे थांबाडं नसतं ते ट्रक निंघी जाता." समजावून समजावून आमच्या तोंडाला फेस आला. चहा करणं तिनं सोडलं ते सोडलंच.

थोडे दिवस माझ्याकडे राहायला आली होती. पाठीमागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"हाई काय शे, अक्का?"

झाकायला हवं होतं. पण मेली मास्तरकीची खोड! सांगत सुटले: एक शब्द पुढे धरायचा, उरलेल्यांचे सगळे क्रम लावायचे, मग दुसरा पुढे घ्यायचा. बटण दाबलं. सहा ओळी आल्या. पहिलीच होती चहा, पेट्रोल, ट्रक. जसं घडलं तसं.

वहिनी एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेली. शेवटच्या ओळीवर थांबली. ट्रक, पेट्रोल, चहा.

हळूच म्हणाली, ट्रक आधीच निघून गेला. मग त्यांनी पेट्रोल भरलं. चहा घरी येऊन घेतला.

कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा सैल झाला होता. मला तिची भीतीच वाटली.

"हाई ठेव, अक्का. बाकीन्या बठ्ठ्या पुसी टाक."

बाकीच्या पाचही मी पुसल्या.

"हाई खरं शे ना?"

मुलांचा एक कंस चुकला तरी मी उत्तर चूक ठरवते. तिच्याकडे बघून म्हणाले, "हो, वहिनी."

ती उठली. गॅसवर चहा टाकला, मग जाऊन दाराची कडी काढून ठेवली.