अण्णांच्या रागाचा अंदाज

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, राग फटफटीच्या स्टँडवरून कळायचा. चाकूरच्या बाजारातून आल्यावर स्टँड हळू लागलं, तर जेवण शांततेत. खाडकन लागलं, की मी पुस्तक उघडून बसायची, कधीकधी उलटं. गावाला वाटायचं, पोरगी लई अभ्यासू. मार चुकवण्याच्या नादात मी वर्गात पहिली यायला लागले, पण गुणपत्रिकेत असलं काही लिहीत नाहीत.

मार कशासाठी बसेल याचा नेम नसायचा. चहा थंड झाला म्हणून बसायचा, गरम दिला म्हणूनही बसायचा. त्यामुळे चुका लपवण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. फुटलेली कपबशी उकिरड्यात इतकी खोल पुरायची, की कोंबड्यांनाही सापडायची नाही.

आता लातुरात माझा संसार आहे. नवरा म्हणजे गोगलगाय. तरी दार जरा जोरात लागलं, की मी चहा टाकते. "अगं, वाऱ्यानं लागलं दार," असं म्हणत तो मुकाट्यानं चहा पितो. माझ्या भीतीपायी त्याला ॲसिडिटी झाली आहे. शेजारीण दिवसभर बोलली नाही, तर माझं काय चुकलं म्हणून मी विचारायला जाते. तिची दाढ दुखत असते. ऑटोवाला अंगावर आला तरी माफी मीच मागते. "उद्या घरात चोर शिरला तर त्याचीही मागशील," नवरा म्हणतो, "न्यायला काही चांगलं नाही म्हणून."

मी हसण्यावारी नेते. पण एक भीती कायम असते: सातवीतली माझी लेक माझं बघून हेच शिकली तर?

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही भावाच्या रानात गेलो. येळवशीला आमच्याकडे घराला कुलूप लावून सगळे शेतात जेवतात. बसायला कडब्याचं खोपटं म्हणजे कोप, जेवायला पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली ताकाची आंबील. यंदा माठ मीच डोक्यावर नेणार, म्हणून लेकीनं हट्ट धरला. कोपीच्या तोंडाशी ती ढेकळाला अडखळली आणि माठ फुटला. आंबील हरभऱ्यानं प्यायली.

अण्णा कोपीतच बसले होते. गुडघे गेलेत, मिशी मात्र जुनीच आहे. ती हलली. मी पार बांधावर होते, भज्जीचं पातेलं घेऊन. ते खाली टेकवलं, चपला तिथंच सोडल्या, धावत येऊन लेकीच्या पुढं उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा, माझाच धक्का लागला."

लेक माझ्या आडून बाजूला झाली. "आई खोटं बोलायलीय, आज्जा. मीच पाडला. आंबील तर संपली, तुम्हाला पाणी देऊ का?"

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. ती मागं सरकली नाही. अशा वेळी मागं सरकायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"माठाचं मरू दे," अण्णा म्हणाले. "तुला लागलं का गं?"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जरा उशिरा. आधी हेवा वाटला, तोही पोटच्या पोरीचा. त्या एका वाक्यासाठी मी किती कपबश्या पुरल्या होत्या, आणि हिला ते पहिल्याच माठात मिळालं.

"न्हाई लागलं," लेक म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझ्याच तळव्यात खापर रुतलं होतं. सवयीनं मी पाय साडीखाली ओढून घेतला. लेक बघत होती.

"अण्णा, मला लागलंय," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. "दाव," ते म्हणाले. मी त्यांच्यासमोर बसले आणि पाय पुढं केला.